इंजिनिअरिंग कॉलेज निवडताना: फी, नाव आणि चार वर्षांचा हिशेब

बार्शीच्या एका पतसंस्थेत मी बावीस वर्षं कर्जखाती सांभाळते. कुणाला किती हप्ता झेपेल हे कागदावर मांडून दाखवणं माझं रोजचं काम. पण २०२० साली थोरल्या मुलाला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा घरच्या कर्जाचा हिशेब मी एकदाही मांडला नाही. त्या वर्षी कोरोनामुळे सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) ऑक्टोबरमध्ये झाली, कॉलेजं बंद होती, कुठं जाऊन बघायची सोय नव्हती. कॅपच्या (राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेच्या) दोन फेऱ्यांत मनासारखं कॉलेज लागलं नाही म्हणून घरात सगळे घाबरले आणि पुण्याच्या एका खासगी कॉलेजात संस्था स्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा घेतली. 'फी तीच आहे, फॉर्म फक्त वेगळा भरायचा,' असं तिथल्या माणसानं सांगितलं. फी तीच होती हे खरं. पण कॅपमधून आलेल्या मुलांना जी शिष्यवृत्ती मिळते ती या जागेला नाही, हे आम्हाला वर्षाअखेरीस कळलं. वर्षाला साठ हजार, चार वर्षांत दोन लाख चाळीस हजार. हे पैसे आमचे होते आणि केवळ माहिती नव्हती म्हणून गेले.

२०२५ मध्ये धाकट्या मुलीची वेळ आली तेव्हा जानेवारीपासूनच वही घातली. त्या वहीतल्या पायऱ्या इथं देते. हे सगळं एमएचटी-सीईटी आणि कॅपमधून होणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रवेशांबद्दल आहे. आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश (नागपूरचं व्हीएनआयटीही त्यातच) जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेवरून 'जोसा' या केंद्रीय यंत्रणेमार्फत होतात, तो मार्ग वेगळा. आणि एक गोष्ट आधीच सांगते: सीईटी सेल (प्रवेश राबवणारं राज्याचं कार्यालय) दरवर्षी माहितीपुस्तिका काढतं आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. माझा लेख वाचून झाल्यावर त्या वर्षीची पुस्तिका वाचायचीच आहे.

१. निकालाच्या आधी कागद

कॉलेजचा विचार नंतर करता येतो, कागद नंतर होत नाहीत. जूनमध्ये तहसील आणि सेतू केंद्रावर जी रांग लागते ती एकदा पाहिली की पुन्हा जूनची वाट बघणार नाही. लागणारे कागद असे:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- सीईटीचं गुणपत्रक (जेईई दिली असेल तर तेही)
- रहिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, किंवा खुल्या प्रवर्गातल्यांसाठी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र
- विद्यार्थ्याच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं
- बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र

यात चार ठिकाणी लोक अडकतात. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, त्यामुळे अकरावीत असतानाच अर्ज करा. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपतं का ते तारीख बघून ठरवा. मार्चमध्ये संपलेलं प्रमाणपत्र जोडलं की मूल खुल्या प्रवर्गात धरलं जातं. तिसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी होती, तेवढ्यासाठी चार चकरा झाल्या.

चौथी गोष्ट कागदाची नाही, पण इथंच सांगते. 'होम युनिव्हर्सिटी' आपण राहतो त्या जिल्ह्यावरून ठरत नाही, बारावी जिथून पास झालो त्या जागेवरून ठरते. थोरला लातूरला शिकला. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले, पण त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाली. बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. त्यामुळे त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा कटऑफ दोन शेजाऱ्यांसाठी वेगळा असू शकतो. अकरावीला मूल लातूरला, पुण्याला पाठवताना हे कुणी सांगत नाही.

२. कॉलेज कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

गेटवरचं नाव बघून काही कळत नाही. पैशाच्या दृष्टीनं विचारायचा प्रश्न एकच: इथला प्रवेश कॅपमधून होतो का, आणि सरकारी शुल्कसवलत इथं लागू आहे का?

सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत फी सगळ्यात कमी. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी कॉलेजं १९६० च्या दशकातली आहेत, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, पुण्याचं सीओईपी १८५४ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. नांदेडचं एसजीजीएसही याच पंक्तीतलं. या कॉलेजांची नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत आणि त्यांच्या नावाचे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणूनच त्यांचे कटऑफ वर असतात.

विनाअनुदानित खासगी कॉलेजं कॅपमध्येच असतात. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. यासाठी २०१५ चा कायदा आहे. डोनेशन घेण्यावर तर १९८७ पासून बंदी आहे. कॉलेजनं सांगितलेला आकडा आणि यादीतला आकडा जुळत नसेल तर लेखी विचारा.

तिसरा प्रकार खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं. इथं लोक फसतात. काही जुनी नावाजलेली कॉलेजं आता विद्यापीठं झाली आहेत, नाव तेच राहिलं, पण फी त्यांची स्वतःची आणि राज्याची शुल्कसवलत लागू नाही. उलटंही आहे: सीओईपीच्या नावात २०२२ पासून 'टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी' आलं, पण ते सरकारीच विद्यापीठ आहे आणि प्रवेश कॅपमधूनच होतो. म्हणून नावावरून अंदाज बांधू नका, कॅपच्या यादीत कॉलेजचा कोड आहे का ते बघा.

आणि संस्था स्तरावरच्या जागा. विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा संस्था स्वतः भरते. कॉलेज तेच, वर्ग तोच, डिग्री तीच. पण शुल्कसवलतीच्या योजनांना कॅपमधून प्रवेश ही अट आहे. एखाद्याला सवलत मुळातच लागू नसेल आणि पैसे हाताशी असतील तर ही जागा घ्यायला हरकत नाही. सवलतीवर ज्यांचं घर अवलंबून आहे त्यांनी मात्र शेवटची कॅप फेरी संपेपर्यंत कुणाच्याही फोनला होकार देऊ नये. फेऱ्या सुरू असताना हे फोन खूप येतात, 'दोनच जागा उरल्यात' म्हणून.

३. सवलती आपल्याला कोणत्या, ते आधी ठरवा

हिशेब मांडायच्या आधी हे ठरलं पाहिजे, नाहीतर फीचा आकडाच चुकतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे 'ईबीसी' म्हणतात, ती खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी. ट्यूशन फीचा निम्मा भाग सरकार देतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नमर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची. दोन योजना एकत्र चालतात का, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

या सगळ्यात 'ट्यूशन फी' हा शब्द नीट धरा. फीच्या आकड्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट असे दोन भाग असतात. माफी बहुतेकदा ट्यूशनची असते, डेव्हलपमेंट फी आपल्यालाच भरावी लागते. 'मुलींना शिक्षण फुकट' ऐकून आलेल्या एका बाईंना काउंटरवर पंचवीस हजारांचा आकडा ऐकून रडू आलं, ते मी पाहिलंय. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, फक्त कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) वेगळं. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा अशा असतात की तिथं ट्यूशन फी पूर्ण माफ, जात कुठलीही असो, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि मूल महाराष्ट्राचं रहिवासी हवं. जागा थोड्या, म्हणून कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षाही वर जातो. ज्याचे गुण चांगले आहेत पण दुसरी कुठली सवलत नाही, त्याच्यासाठी ही सोन्यासारखी संधी आहे.

४. चार वर्षांचा हिशेब

एक कोरा कागद घ्या. प्रत्येक कॉलेजला एक रकाना. ओळी अशा: सवलत वजा जाता उरलेली फी, परीक्षा आणि इतर शुल्क, राहणं, मेस, शहरातला रोजचा प्रवास, घरी येण्याजाण्याचा खर्च, पुस्तकं-साहित्य. लॅपटॉप आणि डिपॉझिट एकदाच, खाली वेगळे. वर्षाची बेरीज करून चारानं गुणा आणि फी-भाडं दरवर्षी थोडं वाढेल हे गृहीत धरा.

धाकटीसाठी माझ्या वहीत शेवटी दोन रकाने उरले होते. पुण्यातलं एक नावाजलेलं खासगी कॉलेज आणि सांगलीतला एक पर्याय. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र असल्यानं ट्यूशन फी दोन्हीकडे शून्य. पुण्याची बेरीज अशी झाली: उरलेली फी २५,०००, कॉट महिना साडेसहा हजार धरून अकरा महिन्यांचे ७१,५००, मेसचे ३८,०००, शहरातला प्रवास १०,०००, गावी येणंजाणं ६,०००, पुस्तकं १२,०००. एकूण १,६२,५००. सांगलीची: फी १८,०००, वसतिगृह २५,०००, मेस ३०,०००, प्रवास ५,०००, पुस्तकं १२,०००. एकूण ९०,०००. फरक वर्षाला ७२,५००, चार वर्षांत २ लाख ९० हजार.

हे आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण यातून मला जे दिसलं ते तुम्हालाही दिसावं म्हणून मांडले. फी माफ झाली की कॉलेज-कॉलेजातला फरक फीचा राहतच नाही, तो शहराचा होतो. खासगी महाग आणि सरकारी स्वस्त हे जे आपण धरून चालतो ते सवलत असलेल्या मुलीच्या बाबतीत खरं नाही. उलट सवलत नसलेल्या मुलासाठी घराजवळचं खासगी कॉलेज, दूरच्या शहरातल्या कमी फीच्या कॉलेजापेक्षा स्वस्त पडू शकतं. कागदावर मांडल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

प्रवासखर्चात एक गोष्ट पैशात मांडता येत नाही. बार्शीहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जाणारी आमची जुनी रेल्वे लाइन आहे. एका गाडीत बसून पोर सांगलीजवळ उतरते, मध्यरात्री स्वारगेटला उभी राहत नाही. मी हे वहीत शेवटच्या ओळीत लिहून ठेवलं होतं.

५. नावाची पारख

आता दुसरं पारडं. कॉलेजच्या नावाला किंमत आहे. चांगल्या कॉलेजात चांगल्या कंपन्या येतात, आजूबाजूची मुलं हुशार असतात, मोठ्या वर्गातली मुलं हाताला धरून पुढं नेतात. थोरल्याला हे कमी मिळालं आणि त्याची किंमत त्यानं मोजली. त्यामुळे 'कॉलेज कुठलंही चालतं, मूल हुशार पाहिजे' असं मी म्हणणार नाही. पण नाव म्हणजे नेमकं काय, ते उकलून बघायला हवं.

रस्त्यावरच्या फलकावर '४४ लाखांचं पॅकेज' असतं. ते एका मुलाचं. आपल्याला हवा तो मधल्या मुलाचा पगार, म्हणजे मुलं पगाराप्रमाणे ओळीत उभी केली तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्याचा. हा आकडा मिळतो. जी कॉलेजं एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेतात त्यांनी सरकारला दिलेली माहिती त्यांच्याच संकेतस्थळावर ठेवलेली असते. 'एनआयआरएफ' नावाच्या दुव्यामागे एक पीडीएफ असते. तिच्यात चार वर्षांच्या डिग्रीसमोर किती मुलांनी प्रवेश घेतला, किती जणांनी वेळेत डिग्री पूर्ण केली, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती आणि किती जण पुढं शिकायला गेले, हे तीन वर्षांचं ओळीनं दिलेलं असतं. क्रमांकापेक्षा ही पीडीएफ मोलाची. क्रमवारीत नाव नसलेल्या कॉलेजचीही ती असू शकते.

पीडीएफ वाचताना नोकरी लागलेल्यांचा आकडा प्रवेश घेतलेल्यांच्या आकड्याशी ताडून बघा. कॉलेज '९० टक्के प्लेसमेंट' म्हणतं तेव्हा बहुतेकदा 'पात्र' मुलांपैकी ९० टक्के म्हणत असतं. पात्र म्हणजे नापास विषय नसलेली, ठरावीक गुणांच्या वरची, नाव नोंदवलेली. साठ मुलांच्या वर्गातली पंचवीसच पात्र असली तर ९० टक्के म्हणजे बावीस-तेवीस.

एनबीए आणि नॅक या दोन दर्जा-मान्यतांतला फरकही लक्षात ठेवा. नॅकचा दर्जा अख्ख्या संस्थेला असतो. एनबीए शाखेनुसार असतं, आणि त्याला मुदत असते. कॉलेजच्या मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून नव्या एआय-डेटा सायन्सला ते असतंच असं नाही.

या नव्या शाखांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण गेल्या वर्षी सगळ्यात जास्त प्रश्न मला यावरच आले. कॉलेज जुनं आणि नावाजलेलं असतं, पण शाखा दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते. तिथून एकही तुकडी बाहेर पडलेली नसते. मग माहितीपत्रकात दाखवतात ते आकडे कॉम्प्युटर शाखेचे असतात. शिकवणारे कोण, हेही विचारा, कारण अनेकदा जुन्याच विभागातले शिक्षक वाटून घेतलेले असतात किंवा तासिका तत्त्वावर आणलेले असतात. दुसरं म्हणजे २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. कित्येक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. ज्या वर्षीचे प्लेसमेंटचे आकडे तुम्ही वाचताय त्या वर्षी वर्गात १२० मुलं असतील. तुमचं मूल बाहेर पडेल तेव्हा २४० असतील आणि कंपन्या तेवढ्याच. म्हणून गेल्या तीन वर्षांत त्या शाखेच्या जागा किती होत्या, हे कॅपच्या जुन्या याद्यांमधून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

६. एकदा जाऊन या

ओपन हाउसच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी-बुधवारी जा. दुपारी तीनला लॅब उघडी आहे का, मशीनवर हात काळे झालेली मुलं आहेत का, ग्रंथालयात खुर्च्या भरल्यात का, हे डोळ्यांनी दिसतं. मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं गाठा. त्यांना 'कॉलेज कसंय?' विचारलं तर 'चांगलंय काकू' एवढंच मिळतं. नेमकं विचारा: गेल्या वर्षी तुमच्या शाखेत कोणत्या कंपन्या आल्या, किती जणांना घेतलं? प्रयोग स्वतः करता की फाइल उतरवून घेता? फीच्या पावतीशिवाय आणखी कशाकशाचे पैसे घेतात? शेवटच्या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात. युनिफॉर्म, ट्रेनिंगचं शुल्क, बसची सक्ती, सगळं बाहेर येतं.

७. कर्ज किती झेपेल

हे माझं क्षेत्र, म्हणून जरा सविस्तर.

थोरल्यासाठी आम्ही सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, दरवर्षी दीड लाख उचल, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, हे ऐकून बरं वाटतं. पण व्याज थांबत नाही. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळ व्याजानं धरलं तरी २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता सुरू झाला तेव्हा कर्ज ८ लाख १० हजार. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १३,४०० रुपये. पोराची पहिली नोकरी वर्षाला साडेतीन लाखांची, हातात पंचवीस हजारांच्या आसपास. पुण्यात राहून, खाऊन त्यातला निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात गेला. हप्ता सुरू झाल्यावरच्या दिवाळीला त्यानं स्वतःसाठी शर्टसुद्धा घेतला नाही. मी पतसंस्थेत बसून दुसऱ्यांना सांगते की हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका.

तेव्हा माझा नियम असा: त्या कॉलेजच्या त्या शाखेचा मधला पगार घ्या, त्यातून महिन्याला हातात काय येईल ते काढा, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे झेपणारा हप्ता. एका लाखाला सात वर्षांसाठी १० टक्क्यांनी महिना साधारण १,६६० रुपये पडतात. त्यावरून उलटं कर्ज काढा आणि मधल्या पाच वर्षांच्या व्याजासाठी त्यातला चौथा हिस्सा कमी करा. उरेल तेवढीच उचल. पंचवीस हजार हातात येणार असतील तर हप्ता ८,३००, कर्ज पाच लाख, उचल पावणेचार लाख. नावाजलेल्या कॉलेजसाठी याहून जास्त कर्ज लागत असेल तर तिथला मधला पगार तेवढा जास्त आहे का, हे पीडीएफमध्ये बघायचं. असेल तर कर्ज घ्या, बिनधास्त घ्या. नसेल तर जास्तीचे पैसे फक्त इमारतीचे.

शिकतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर वरचा बोजा वाढत नाही. दीड लाखावर महिन्याला साडेबाराशे, कित्येक घरांना हे जमतं. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी केंद्राची व्याजसवलत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा. जमिनीवर किंवा सोन्यावर कर्ज काढण्याआधी ही दारं ठोठवा.

८. कटऑफ वाचणं आणि ऑप्शन फॉर्म

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनुसार मिळतात. त्यातली अक्षरं पहिल्यांदा कोड्यासारखी वाटतात. 'जीओपनएच' म्हणजे सर्वसाधारण, खुला, होम युनिव्हर्सिटी. सुरुवातीला 'एल' असेल तर मुलींची जागा. शेवटी 'ओ' म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, 'एस' म्हणजे राज्यस्तर. आपली ओळ कोणती ते ठरवा, दोन वर्षांचे आकडे घ्या आणि पर्सेंटाइलबरोबर दिलेला गुणवत्ता क्रमांकही बघा. दोन वर्षांची तुलना क्रमांकावरून जास्त नीट होते.

ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी) भरताना क्रम आवडीचा लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. वर अवघड पर्याय लिहिल्यानं खालचा पर्याय हुकत नाही. हे पालकांना पटत नाही, पण यंत्रणा तशीच चालते.

मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ (पक्का) होतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. नंतरच्या फेऱ्यांसाठीही असे नियम असतात, त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहा. म्हणून पैशाचा निर्णय फॉर्म भरायच्या आधी झालेला हवा. जे कॉलेज झेपणार नाही ते 'बघू तरी लागतं का' म्हणून यादीत घालू नका. लागलं की घरात रडारड होते. मी हे तीन घरांत पाहिलंय.

टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' असतो. तो आपण स्वतः घालावा लागतो. एखाद्या शाखेचा टीएफडब्ल्यूएसचा कोड आधी, लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड, अशी जोडी लावा.

आणि पासवर्ड, ओटीपी कुणालाही देऊ नका. काही ठिकाणी 'मोफत मार्गदर्शन' करणारी माणसं फॉर्म भरून देतात आणि ज्या कॉलेजचे ते असतात ते कॉलेज वर टाकतात. सायबर कॅफेत फॉर्म भरलात तर कन्फर्म करण्याआधी छापील प्रत हातात घ्या, प्रत्येक कोड बोटानं वाचा, मग कन्फर्म करा. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग किंवा होम युनिव्हर्सिटी चुकली असेल तर तक्रारीसाठी दोन-तीनच दिवस मिळतात. यादी लागेल त्याच संध्याकाळी बघा.

९. जागा मिळाल्यावर

दिलेल्या मुदतीत जागा स्वीकारा आणि कॉलेजात हजर व्हा, नाहीतर ती जाते. शुल्कसवलतीचा लाभ असेल तर माफ असलेली रक्कम कॉलेजनं प्रवेशावेळी मागायची नसते. तरी मागितली तर भांडू नका, 'योजनेचा शासन निर्णय असा आहे' म्हणून त्याची छापील प्रत पुढं करा. आमच्या बाबतीत तेवढ्यानंच काम झालं. जे पैसे भराल त्याची पावती घ्या, पावतीवर प्रत्येक शुल्काचं नाव वेगळं लिहून घ्या. मूळ कागद जमा करण्याआधी सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा.

मग महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज. पहिल्या वर्षी भरला की संपलं असं नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. थोरल्याच्या वर्गातल्या एका मुलाची दुसऱ्या वर्षाची सवलत फक्त अर्ज करायचा राहिला म्हणून बुडाली. आम्ही घरच्या कॅलेंडरवर तारीख लाल शाईनं लिहून ठेवतो. धाकटी स्वतः अर्ज भरते आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवते.